बाहेरून कुलूप

मच्छिंद्र गेल्याचा निरोप आला तेव्हा तातेरावांना त्याचा चेहरा आधी आठवला नाही, घोरणं आठवलं. कारखान्याच्या कॉलनीत दोघांच्या खोल्या एकाच ओळीत, भिंतीला भिंत लावून होत्या. मधली भिंत एका विटेची. त्या भिंतीतून तातेरावांनी मच्छिंद्रला जितकं ऐकलं तितकं समोरासमोर कधी ऐकलं नाही.

दहाव्याला ते मच्छिंद्रच्या गावी, हसनाबादला गेले. तिथं कुणीतरी म्हणालं, "तातेराव, तुमी येवढी वर्षं शेजारी राह्यले. बोला दोन शब्द." तातेराव उठले, उपरण्यानं तोंड पुसलं, "चांगला माणूस होता," म्हणाले आणि खाली बसले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती हे खरंच. पण सांगण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं नव्हतं, हेही तितकंच खरं. मच्छिंद्रला काय खायला आवडायचं, देवावर त्याचा कितपत विश्वास होता, तरुणपणी तो कसा होता, भावाशी त्याचं पटायचं की नाही, यातलं त्यांना काही सांगता आलं नसतं. त्यांना माहीत होता तो एका उन्हाळ्यातला मच्छिंद्र. तोही अर्धा भिंतीतून आणि अर्धा कुंपणावरून. पण तेवढा मात्र त्यांना पक्का माहीत होता.

मच्छिंद्र पॅनमन होता. कारखान्यात उसाचा रस आटत आटत येतो आणि शेवटी पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात त्याला साखरेचा दाणा धरतो. तो दाणा नीट धरला का, वाढतोय का, हे पॅनमन काचेच्या तुकड्यावर थेंब घेऊन उजेडात बघत राहतो. तिथं डुलकी काढून चालत नाही. डोळा लागला आणि दाणा बिघडला की अख्खं पॅन फसतं आणि मग खालपासून वरपर्यंत सगळे बोंबलत येतात. तातेराव टाइम ऑफिसात हजेरीला होते. पाळ्या त्यांनाही होत्या, पण खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला तर कुणाचं काही फसत नव्हतं. ते स्वतःच हे हसून सांगायचे.

गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना रात्रंदिवस चालतो आणि दर आठवड्याला पाळी बदलते. अंगाला एका पाळीची सवय लागते न लागते तोच दुसरी येते. रात्रपाळी करून मच्छिंद्र सकाळी घरी यायचा, आंघोळ करायचा, भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा. आणि मग त्याला उठवायला सगळी दुनिया टपलेली असायची.

दिवसा झोपलेला माणूस आपल्याकडं रिकामा समजतात. गावाकडचा कुणी उसाची गाडी घेऊन आला की वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत करायचं काय, म्हणून मच्छिंद्रच्या घरी यायचा. मच्छिंद्रची बायको उषाबाई दारातून म्हणायची, "झोपलेत." की पाहुणा म्हणायचा, "असू दे, असू दे. चहापुरतं उठवा." पाहुणा आलाय आणि घरधनी झोपलाय, हे बरं दिसत नाही. मग मच्छिंद्र उठायचा, चूळ भरायचा, लाल डोळ्यांनी हसत समोर बसायचा, एक कप चहा प्यायचा. पाहुणा गेला की पुन्हा पडायचा. तेवढ्यात बोहारीण यायची. तिच्यामागून कुणाचं तरी भांडण निस्तरायला त्याला बोलावणं यायचं, कारण तो घरीच असतो ना! त्यानं कधी कुणाला नाही म्हटलेलं तातेरावांनी ऐकलं नव्हतं. कॉलनीत त्याची ख्याती तीच होती. केव्हाही जा, मच्छिंद्र उठून बसतो.

असं दहाबारा हंगाम चाललं. मग त्याच्या मोठ्या भावाच्या, धर्मराजच्या अंगावरून वारं गेलं.

धर्मराज जाफराबाद ते जालना जीप चालवायचा. पहाटे पहिली खेप, संध्याकाळी शेवटची, आणि लग्नसराईत रात्रभर वऱ्हाडं. झोपायचा तो घरासमोर लावलेल्या जीपमध्येच, दोन्ही दारं उघडी टाकून, पाय बाहेर काढून. पन्नाशीही गाठली नव्हती. एके दिवशी स्टँडवर चहाचा कप हातातून गळाला तो गळालाच. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. लकवा हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो, पण घरात बोलताना कुणी तो वापरत नाही. "वारं गेलं" असंच म्हणतात. आणि वारं गेलं म्हटल्यावर ते कुठून गेलं हे शोधायला फार डोकं लागत नाही. जीपची दारं उघडी होती. थंडीचे दिवस होते. वारं आत शिरलं आणि अंगावरून गेलं. सगळ्या भावकीला हे पटलं आणि सगळ्यांत जास्त पटलं ते धर्मराजच्या आईला, गोजरबाईला.

एक लेक अंथरुणाला खिळला. दुसऱ्याला तरी वाऱ्यापासून वाचवायचं, असं ठरवून ती म्हातारी फाल्गुनात मच्छिंद्रकडं राहायला आली.

आल्या आल्या तिनं खिडकी लावली. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दाराखाली पोतं लावलं. मच्छिंद्र झोपला की ती पावलं न वाजवता आत जायची आणि पंखा बंद करायची. तो झोपेत डोक्याचा मफलर काढून टाकायचा, ती पुन्हा बांधायची. एप्रिलमध्ये! पत्र्याच्या त्या खोलीत पोळ्या भाजल्या असत्या. मच्छिंद्र घामानं निथळत उठायचा, पंखा लावायचा. ती पुन्हा बंद करायची. भिंतीपलीकडं तातेरावांना बटणाचा टकटक आवाज यायचा आणि मग मायलेकांची बाचाबाची.

"माय, गुदमरून मरन की मी!"

"गुदमरून कुणी मरत न्हाई. वाऱ्यानं मरतेत. तुझ्या भावाला बघितलंस ना?"

"बघितलं."

"मंग पड गप."

मच्छिंद्र गप पडायचा. पण झोप काही लागायची नाही. रात्री पॅनवर उभं राहायचं, डोळ्यांत पाणी मारायचं, तंबाखूची चिमूट बदलायची आणि काच उजेडात धरायची. त्याचं डोकं दुखायला लागलं. मानेमागून धरायचं आणि कपाळात यायचं. सुरुवातीला ऊन लागलं असं झालं, मग पित्त झालं, मग नजर लागली म्हणून गोजरबाईनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. शेवटी एक दिवस पॅनवरच त्याला भोवळ आली आणि कठड्याला धरून तो कसाबसा उभा राहिला. तेव्हा उषाबाईनं त्याला दवाखान्यात पाठवलं.

कॉलनीच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा जालन्याहून डॉक्टर गयासोद्दीन यायचे. तातेराव त्या दिवशी खोकल्याचं औषध घ्यायला बाकावर बसले होते. दवाखान्याला आडपडदा असा नव्हता. मधे एक हिरवं कापड होतं, तेही बहुतेक वेळ वर टाकलेलं असायचं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला.

"मच्छिंद्रभाऊ, बीपी चांगलाच वाढलाय. झोप किती?"

"लागल तशी."

"लागती किती?"

"लागूच देत न्हाईत ना साहेब," मच्छिंद्र म्हणाला आणि हसला. मग त्यानं सगळं सांगितलं. पाहुणे, बोहारीण, मफलर, पंखा, धर्मराजचं वारं.

डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या भावाला बीपी होता का?"

"त्याला कधी तापबी आला न्हाई."

"बीपी ताप देऊन सांगत न्हाई, मियाँ. कुणी मोजला होता?"

"कुणी न्हाई."

"मग ऐका. ते वारं बाहेरून आलेलं न्हाई. माणूस झोपला की आतला दाब उतरतो. अंगाला तेवढीच सुट्टी. ज्याला झोपच न्हाई, त्याचा दाब उतरायला जागाच न्हाई. दिवसा बी चढलेला, रात्री बी चढलेला. नळ्या किती दिवस सोसतील? आता झोप न्हाई हेच एक कारण, असं म्या म्हणत न्हाई. तंबाखू आहे, मीठ आहे, घराण्यात बी असंल. पण तुमचं झोपेचं खातं बिलकुल रिकामं दिसून राह्यलंय." त्यांनी गोळी लिहून दिली. "ही रोज. बरं वाटलं म्हणून सोडायची न्हाई. आणि घोरता का?"

"झोपलेल्याला काय म्हाईत, साहेब?"

तेव्हा बाकावरून तातेराव बोलले. न विचारता बोलण्याची ती त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. "घोरतात," ते म्हणाले. "जोरात घोरतात. आणि मधीच बंद पडतात."

डॉक्टरांनी मान वळवली. "बंद पडतात म्हंजे?"

"म्हंजे... चालू असतंय, चालू असतंय, आन् एकदम बंद. काहीच न्हाई. आपल्यालाच इकडं श्वास धरून बसावं लागतं. मंग एकदम हंबरल्यावानी करतात आन् पुन्हा चालू." एवढं बोलून तातेराव लाजले. बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मच्छिंद्रही हसत होता. डॉक्टर हसले नाहीत.

"हे कुणी सांगत न्हाई," ते म्हणाले. "उताणं झोपायचं न्हाई, कुशीवर झोपायचं. पोट कमी करा. जमलं तर औरंगाबादला मोठ्या डॉक्टरला दाखवा. आणि मच्छिंद्रभाऊ, झोप. सलग. कुणी आलं तरी. मी आलो तरी!"

परत येताना दोघं बरोबर चालत होते. आपल्या ओळीशी आल्यावर मच्छिंद्र थांबला. "तातेराव, म्या इतके वर्षं उठून बसलो," तो म्हणाला. "आता न्हाई उठणार."

घरी त्यानं पहिल्यांदा खिडकीतल्या चिंध्या काढल्या. मग मफलर घडी करून ट्रंकेत टाकला. मग पंखा लावला आणि बटणासमोर उभा राहिला. गोजरबाई चुलीपासून उठून आली.

"काय करून राह्यलास रे?"

"झोपून राह्यलो."

"वारं लागलं म्हंजी?"

"वारं लागू दे माय," मच्छिंद्र म्हणाला, "पण झोप लागू दे."

भिंतीपलीकडं तातेराव ताटावर बसले होते. हातातला घास त्यांनी तसाच धरून ठेवला. या घरात मच्छिंद्रचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. आवाज चढलेला नव्हता, पण खाली येणाराही वाटत नव्हता.

म्हातारी रडली, भांडली, गावाकडं जायला निघाली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी तो झोपल्यावर तिनं पुन्हा पंखा बंद केला. तेव्हा उषाबाईनं डोकं चालवलं. सकाळी नवऱ्याचं जेवण झालं की तिनं सासूला बाहेर ओट्यावर बसवलं, मागचं दार आतून लावून घ्यायला नवऱ्याला सांगितलं आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि स्वतः ओट्यावर वाती वळत बसली.

आपल्याकडं कुलपाला मान असतो. झोपलेल्या माणसाला उठवायला कुणाला काही वाटत नाही, पण कुलूप बघितलं की माणूस आल्या पावली मागं फिरतो. उसाच्या गाडीवरचे पाहुणे आले, कुलूप बघितलं, उषाबाई वातींतून मान वर काढीना म्हणून तातेरावांना विचारलं, "कुठं गेलेत म्हणायचं?" तातेराव म्हणायचे, "काय की बा." यात खोटं काही नव्हतं. झोपेत माणूस कुठं जातो हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. बोहारीण दोनतीनदा येऊन गेली आणि मग त्या ओळीतच यायची बंद झाली.

कॉलनीत अर्थातच बोभाटा झाला. बायकोनं नवऱ्याला कोंडून घातलं, असं आधी झालं. मग तो पिऊन पडलेला असतो असं झालं. भुजंग नावाचा दुसरा पॅनमन होता, तो टाइम ऑफिसात येऊन म्हणाला, "तातेराव, वहिनी त्याला दाणापाणी तरी टाकती का फटीतून?" सगळे हसले. मच्छिंद्र कार्ड टाकायला मागं उभाच होता. तो म्हणाला, "टाकती. तुझ्या बायकोला बी सांग, कुलूप म्या देतो."

गोजरबाई मात्र ओट्यावर बसून दाराला कान लावायची. कुलूप घातल्यावर तिचा जीव थाऱ्यावर राहीना. आत पंखा चालू, वारं चालू, आणि लेक तिच्या हाताबाहेर. मग ती उठून तातेरावांच्या दारी यायची. "तात्या, तुझ्याकडून ऐकू येतंय का रे?"

"येतंय, गोजरमाय."

"चालू हाय?"

"चालू हाय."

आणि बंद पडलं की तातेराव उलथन्याची मूठ भिंतीवर आपटायचे. पलीकडं खाट करकरायची, मच्छिंद्र कुशीवर वळायचा आणि पुन्हा सुरू व्हायचं. मच्छिंद्रला हे ठाऊक होतं का? एकदा कुंपणावरून तो म्हणाला होता, "तुमच्याकडं काय लई ठोकाठोकी असती," आणि ओठातल्या ओठात हसला होता.

इथवर ठीक होतं. पण एक दिवस दुपारी काकासाहेबांची जीप कॉलनीत आली.

काकासाहेब कारखान्याचे संचालक. मच्छिंद्रच्याच भावकीतले, आणि मच्छिंद्रला कारखान्यात लावलं ते त्यांनीच. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ते स्वतः आले होते. संचालकानं पॅनमनच्या दारी स्वतः येणं म्हणजे काय, हे कॉलनीला सांगावं लागत नव्हतं. आयाबाया दारांत आल्या. गोजरबाई धडपडत उठली, डोक्यावरून पदर घेतला.

काकासाहेबांनी कुलूप बघितलं. जीपकडं वळलेही. तेवढ्यात आतून मच्छिंद्र घोरला.

ते थांबले. "घरात कोण हाय?"

"हेच हायत," उषाबाई म्हणाली.

"आन् कुलूप?"

"झोपलेत. रात्रपाळी हाय."

"बरं, बरं. उघड. म्या आलोय म्हणून सांग."

उषाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "उठल्यावर सांगते, काकासाहेब. पत्रिका द्या. देवापुढं ठेवते."

दारांतल्या बाया ओट्यांवर पुढं सरकल्या. गोजरबाई सुनेच्या मुठीला झोंबली. "उषे, किल्ली दे! अगं पोशिंदा दारात उभा हाय! ह्यांच्यामुळं भाकरी खातो आपण!"

"आत्या, डॉक्टर काय म्हणले तुमाला बी म्हाईत हाय."

"येवढ्या वेळी उठला तर काय मरतो का?"

"येवढ्या वेळीच म्हणता म्हणता इतके वर्षं गेले," उषाबाई म्हणाली. तिनं पदराचं टोक कमरेला घट्ट खोचलं. तातेराव आपल्या दारातून बघत होते. आत मच्छिंद्र पुन्हा घोरला, निवांत, लांबलचक. जणू साऱ्या प्रकरणावर त्याला एवढंच म्हणायचं होतं.

काकासाहेबांनी पत्रिका परत खिशात घातली. "उठल्यावर गेस्ट हाउसवर पाठव त्याला," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी उषाबाई तातेरावांकडं आली. "भाऊजी, तुमी जा ह्यांच्यासंगं. हे भांडकुदळ न्हाईत, पर आज उठल्यापासून गप हायत." तातेरावांना गेस्ट हाउसची पायरी चढायचं कधी काम पडलं नव्हतं आणि चढायची इच्छाही नव्हती. नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. तरी चप्पल घालून ते निघाले. आत गेल्यावर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तेवढंच.

काकासाहेबांजवळ पॅनमनच्या पाळ्या लावणारे मुख्य केमिस्ट बसले होते. काकासाहेबांनी मच्छिंद्रला बस म्हटलं नाही.

"झाली का झोप?"

"झाली, काकासाहेब. आज चांगली झाली."

"शरम न्हाई वाटत? तुला इथं चिकटवला कुणी?"

"तुमीच. ते म्या इसरलो न्हाई. काम तुमी दिलं, काम बराबर करतो. झोप माझ्या घरची हाय."

"लई बोलायला शिकलास."

"झोप झाली की सुधरतंय बोलायला." मच्छिंद्रनं मान खाली घातली नव्हती. "साहेब, पॅनवर माझा डोळा लागला तर तुमची साखर फसती. ते तुमाला चालत न्हाई. घरी डोळा लागला तर ते बी तुमाला चालत न्हाई. मंग म्या डोळा लावायचा कुठं, ते एकदा सांगून टाका."

केमिस्टसाहेबांनी रुमालात तोंड घालून खोकला काढला.

"गोदामावर टाकीन!" काकासाहेब म्हणाले. "पोती मोज जा दिवसभर."

"टाका. तिथं दिवसपाळीच असती. पर म्या पॅनमन हाय, हात जोडून गोदाम मागणार न्हाई. आन् दारावरचं कुलूप बी काढणार न्हाई. तुमच्या लेकीच्या लग्नात वाढायला उभा राहीन, रात्रभर राहीन. पर माझ्या झोपेच्या वक्ताला तुमी आले तरी उठणार न्हाई. माझा भाऊ हिकडं-तिकडं सगळ्यांसाठी उठत गेला, आता त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतेत."

धर्मराजच्या जीपमधून काकासाहेबांकडचीही वऱ्हाडं गेली होती. ते त्यांना आठवलं का, हे तातेरावांना सांगता येणार नाही. खिशातून पत्रिका काढून त्यांनी टेबलावर सरकवली. "घे. आन् जा."

गोदामावर त्याला टाकलं नाही. पण पुढच्या आठवड्याला पाळी बदलायची ती बदलली नाही, पुन्हा रात्रपाळीच लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यालाही तीच. कुणी लावली, का लावली, हे टाइम ऑफिसात सगळ्यांना कळत होतं. भुजंग म्हणाला, "घे आता, घाल कुलूप." मच्छिंद्रनं घातलं. आणि गंमत अशी की त्याला तेच मानवलं. अंगाला एकदा सवय झाली ती मोडेना. त्यानंतर त्यानं केमिस्टसाहेबांकडं जाऊन आपणहून मागितलं, माझी पाळी दर आठवड्याला फिरवू नका, लांब लांब ठेवा. केमिस्टांचं काही अडत नव्हतं, त्यांनी दिली.

हंगाम संपायच्या सुमाराला डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. या खेपेला गोजरबाई हट्टानं बरोबर आली होती. दाब खाली आला होता. अगदी असायला हवा तेवढा नाही, पण आला होता.

"गोळीनं उतरला का झोपेनं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"दोन्हीनं. एक बी सोडू नका."

गोजरबाई हिरव्या कापडाजवळ उभी होती. "डॉक्टर," ती म्हणाली, "मंग ते वारं... बाहेरचं नव्हतंच का?"

"न्हाई, माय."

म्हातारीनं हिरव्या कापडाची कड हातात धरली. "पहाटं पहिली खेप चुकू नये म्हणून मीच हलवून हलवून उठवायची धर्माला," ती म्हणाली. मच्छिंद्रनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाहेर घेऊन गेला.

त्या दिवसानंतर गोजरबाई ओट्यावरची राखणदार झाली. आता ती दाराला कान लावून बसायची नाही, दाराकडं पाठ करून बसायची. कुणी आलं की लांबूनच हात हलवायची. काठी होतीच.

मच्छिंद्र पुढं किती वर्षं त्या पॅनवर होता, औरंगाबादला मोठ्या डॉक्टरकडं तो कधी गेला का, तंबाखू सुटली का, हे तातेरावांना नीट माहीत नाही. तंबाखू बहुतेक सुटली नसावी. साठी ओलांडल्यावर तो गावीच कावीळ होऊन गेला, एवढं दहाव्याला कळलं. धर्मराज अजून अंथरुणावरच होता. त्याला खाटेसकट अंगणात आणून ठेवलं होतं, आणि वारं छान सुटलं होतं.

तातेराव रिटायर झाले ते दोन हजार एक साली, भर हंगामात. जाफराबादला मुलाकडं जायचं ठरलं होतं. सामान न्यायला टेंपो आला तो नेमका दुपारी. मच्छिंद्रची रात्रपाळी होती आणि दाराला कुलूप होतं. हमालांनी लोखंडी कॉट ओट्यावर आपटली तशी गोजरबाई काठी घेऊन उठली. "हळू रे मुडद्यांनो! लेक झोपलाय माझा!"

हमाल चवड्यांवर चालायला लागले. सगळं सामान चढलं. कॉलनीतले चारदोन जण भेटून गेले. ड्रायव्हरनं हॉर्नला हात घातला आणि म्हातारीकडं बघून काढून घेतला. निघताना शेजाऱ्याला न भेटता जायचं, ही काही रीत नव्हे. उषाबाईनं पदराचं टोक सोडवायला घेतलं.

"भाऊजी, तुमच्यासाठी उठवते. तुमचं येगळं हाय. तुमी गेले आन् उठवलं न्हाई म्हणून बोलतीन मला."

तातेरावांनी कुलपाकडं बघितलं. आत घोरणं चालू होतं, एका लयीत. त्यांना भेटायचं होतं. काही बोलायचंही होतं बहुतेक, पण काय, ते त्यांना तेव्हाही ठरवता आलं नसतं.

"न्हाई," ते म्हणाले. "बिलकुल उठवू नका. माझ्यासाठी तर मुळीच न्हाई." आणि ते टेंपोत जाऊन बसले.

म्हणजे दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते त्याच दिवशी सकाळी, नळावर. मच्छिंद्र पाळीवरून नुकताच आला होता, पायांवर पाणी घेत होता. अंगाला मळीचा वास येत होता.

"टेंपो कवा यायलाय?"

"दुपारी म्हणून राह्यलाय."

"बांधाबांध झाली?"

"झाली जवळपास. भांडी राह्यली."

"भांडी काय, होतील. मंग तोवर पडा की जरा."

"आता सकाळी सकाळी काय पडायचं?"

"पडा हो. कोण काय म्हणतंय?"

"बरं," तातेराव म्हणाले. "पडतो."